पहिलीचा वर्ग आणि भाषेची पहिली जाणीव

१

प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेत मूल काय शिकते, या प्रश्नाचे रूढ उत्तर 'मुळाक्षरे आणि अंक' असे आहे. ते खोटे नाही. परंतु त्यात शिकण्याच्या क्रियेचा अर्धाच भाग येतो. सहा वर्षांचे मूल शाळेच्या उंबरठ्यावर येते तेव्हा भाषा त्याला येत असते. नामांची लिंगे, क्रियापदांची रूपे, प्रत्ययापूर्वी होणारे सामान्यरूप, प्रश्न विचारण्याच्या आणि हट्ट करण्याच्या नाना तऱ्हा, हे सर्व त्याने पुस्तकाशिवाय आत्मसात केलेले असते. 'घोडा' पण 'घोड्याला', 'मामा' पण 'मामाला' हा भेद त्याला कोणी शिकवलेला नसतो, आणि तो त्याच्या बोलण्यात सहसा चुकतही नाही. मात्र ही भाषा त्याने आजवर वापरलेली असते, तपासलेली नसते. शब्द कोठे सुरू होतो व कोठे संपतो, त्याचे तुकडे पडतात काय, त्या तुकड्यांना खुणा देता येतात काय, असे प्रश्न त्याच्या मनात उद्भवण्याचे कारणच पडलेले नसते. पहिलीच्या वर्गात ते प्रथम उद्भवतात. आपलेच बोलणे आपल्यापासून वेगळे काढून पाहणे ही त्या वर्षाची खरी शिकवण होय. अक्षरे आणि अंक ही तिची साधने होत.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर व त्याचा जिल्हा यांतील मराठी माध्यमाच्या शाळांचा नेहमीचा दिनक्रम समोर ठेवून या शिकवणीचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या प्रदेशाची निवड सकारण आहे. येथील एकाच वर्गात मराठवाड्याच्या खेड्यांतील मराठी, शहरातील दखनी, तांड्यावरील गोर बोली आणि वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या कुटुंबांची हिंदी, या सर्वांची मुले शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. त्यामुळे भाषा आणि लिपी यांच्यातील जे अंतर इतरत्र झाकलेले राहते, ते येथे उघडे पडते.

२

जुन्या पंतोजींच्या शाळेत शिक्षणाचा आरंभ धुळीने होई. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे आणि तोंडाने त्याचे नाव घ्यायचे, हा क्रम होता. आरंभीचे मंगलवचन 'ॐ नमः सिद्धम्' हे संस्कृत; मुलांच्या तोंडी त्याचे 'ओनामा' झाले, आणि आरंभ या अर्थाचा शब्द म्हणून ते मराठीत कायमचे रुजले. अर्थ न कळता उच्चारलेल्या वचनातून भाषेला एक नवा शब्द मिळाला, ही घटना बोधप्रद आहे. पुढे बाराखडी आणि पाढे. पाढ्यांमागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. सारा भर घोकण्यावर होता. तथापि घोकणे हा निव्वळ यांत्रिक प्रकार होता असे म्हणता येणार नाही. बाराखडीत व्यंजन कायम राहते आणि स्वर बदलतो. त्या तालबद्ध उच्चारातून ध्वनींची एक मांडणी मुलाच्या कानावर बसत असे. तिचा अर्थ मात्र त्याला कोणी सांगत नसे.

मराठवाड्याच्या बाबतीत या इतिहासाला एक वेगळे वळण आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूच स्वीकारली होती. भारतीय भाषेतून सर्व उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शिक्षणाच्या वरच्या पायऱ्यांवर पोचण्यासाठी भाषा बदलावी लागे, हीही त्याची दुसरी बाजू होती. अशा काळात, १९१५ साली, औरंगाबादेत सुरू झालेल्या सरस्वती भुवन या शाळेचे महत्त्व त्या संदर्भात ध्यानी येते. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. अवघ्या बारा वर्षांत पहिलीच्या वर्गापासून विद्यापीठापर्यंत मराठीची वाट मोकळी झाली. मात्र पाठ्यपुस्तकातून जी मराठी आली ती मराठवाड्याच्या घरातली नव्हती. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची स्थापना झाल्यावर राज्यभर समान पुस्तके पोचली. त्यामुळे शिक्षणात समानता आली. त्याचबरोबर एका प्रमाणभाषेपुढे अनेक बोली प्रथमच रोज सकाळी उभ्या राहू लागल्या.

पुढील फेरफारांपैकी दोन येथे नोंदले पाहिजेत. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. २०२५ साली हिंदी ही तिसरी भाषा पहिलीपासून आणण्यासंबंधी एप्रिल व जून महिन्यांत शासननिर्णय निघाले. त्यांवर मोठा वाद झाला आणि २९ जून रोजी ते दोन्ही मागे घेण्यात आले. त्या वादात मुलावर किती भाषांचा भार टाकावा, याची चर्चा पुष्कळ झाली. मूल वर्गात येतानाच किती भाषा घेऊन येते, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

३

वर्गाचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, एखादी बोधकथा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. पहिलीचे मूल रांगेत सर्वांत पुढे उभे असते आणि मोठ्या मुलांच्या आवाजात आपला आवाज मिसळते. प्रतिज्ञा मुळात १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. तिच्या मराठी रूपातील शब्द व वाक्यरचना सहा वर्षांच्या मुलाच्या नित्याच्या बोलण्यापासून फार दूर आहेत. मूल ती बहुधा शब्दशः न कळता म्हणते, शब्दांच्या सीमा चुकवते, दोन शब्दांचा एक करते. 'ओनामा'चीच ही नवी आवृत्ती होय. परंतु येथे एक गोष्ट घडते: भाषेची एक औपचारिक शैली असते, तिची एक लय असते, आणि ती घरी बोलत नाहीत, हे मुलाला कोणी न सांगता कळते.

त्यानंतर हजेरी. वरवर पाहता हा निव्वळ प्रशासकीय विधी आहे. भाषिक दृष्ट्या मात्र तो वर्गातील पहिला मोठा धडा आहे. घरी 'छकुली', 'पिंट्या', 'बाळ्या' अशा नावाने ओळखले जाणारे मूल आपले आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव एका दमात ऐकते, आणि हे आपल्याविषयी चालले आहे हे त्याला उमगत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यांत अनेक मुले नाव पुकारले तरी गप्प राहतात. शिक्षकाला ते भित्रेपण वाटते. वस्तुतः तो नामाचा एक नवा उपयोग आत्मसात करण्याचा काळ असतो: हाक मारण्यासाठी एक नाव आणि नोंदण्यासाठी दुसरे. हेच नाव पुढे दप्तरावर, पाटीवर, डब्यावर लिहिलेले दिसते, आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत ओळखीचा पहिला लिखित शब्द तोच ठरतो.

हजेरीचे उत्तरही विचारात घेण्याजोगे आहे. 'हजर' हा शब्द अरबीतून आलेला, 'दप्तर' आणि 'तक्ता' फारसीतून आलेले, 'पुस्तक' आणि 'इयत्ता' संस्कृतातले, 'पेन्सिल' इंग्रजीतला. पहिलीच्या वर्गातील वस्तूंची यादी केली तर मराठी शब्दसंग्रहाचा संक्षिप्त इतिहासच तयार होतो. दखनी बोलणाऱ्या मुलाला यांतील निम्मे शब्द घरचे वाटतात. उलट त्याच्या घरचा 'नक्को' हा शब्द मूळचा मराठीच. भिन्न भाषा बोलणाऱ्या मुलांना जोडणारा हा सामाईक साठा वर्गात रोज वापरला जातो, पण त्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

संबोधनाचा प्रश्नही याच पहिल्या तासात येतो. आईला, आजीला, मोठ्या भावाला 'तू' म्हणणारे मूल बाईंनाही 'तू' म्हणते. 'बाई, तू इकडं ये ना,' या वाक्यात अनादर नसतो. बाईंना आपल्या माणसांत घेतल्याची ती खूण असते. 'तुम्ही' शिकणे म्हणजे केवळ सर्वनाम बदलणे नव्हे. क्रियापद बदलावे लागते, आणि माणसामाणसांतील अंतर भाषेने मोजता येते हे मान्य करावे लागते. ज्या वर्गात मुलाला या चुकीबद्दल हसले जाते, तेथे ते 'तुम्ही' शिकतेच, पण बाईंच्या जवळ जाण्याचे टाळूही लागते.

४

यानंतर अक्षरांचा तास. रूढ पद्धतीत 'सोप्या' शब्दांपासून आरंभ होतो, आणि सोपा शब्द म्हणजे काना, मात्रा, वेलांटी नसलेला शब्द असे समजले जाते: घर, कप, बस, कमळ, बदक, गवत. डोळ्यांना हे शब्द खरोखरच सोपे आहेत. कानाला मात्र ते सोपे नाहीत. याचे कारण मराठीच्या उच्चारपद्धतीत आहे.

देवनागरीतील प्रत्येक व्यंजनाक्षरात 'अ' गृहीत धरलेला असतो. 'घ' हे अक्षर मुलाला 'घ' असेच, म्हणजे अकारासह, शिकवले जाते. 'र'चेही तसेच. पण 'घर' हा शब्द उच्चारताना शेवटचा 'अ' लोपतो. लिहिताना दोन अक्षरे, बोलताना एकच अवयव. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरांचे, उच्चारात दोन अवयवांचे: क, मळ्. 'करतो' यात लोप शब्दाच्या मध्यभागी होतो आणि उच्चार 'कर्तो' असा राहतो. याउलट 'मामा', 'काका', 'शाळा', 'आजी' या शब्दांत जितकी अक्षरे तितकेच उच्चाराचे अवयव आहेत. म्हणजे ज्यांत काना आणि वेलांटी आहे म्हणून जे शब्द 'अवघड' समजून पुढे ढकलले जातात, त्यांतच लेखन आणि उच्चार यांचा मेळ पूर्ण असतो.

वर्गात याचा परिणाम स्पष्ट दिसतो. मूल फळ्यावरील शब्दावर बोट ठेवून 'क', 'म', 'ळ' असे तीन उच्चार करते. प्रत्येक उच्चार बरोबर असतो. 'आता एकत्र वाच,' असे बाई म्हणतात. मूल तेच तीन उच्चार जरा घाईने करते. शब्द तयार होत नाही. मग ते शेजारच्या चित्राकडे पाहते आणि 'फूल' म्हणते. या उत्तरात मुलाची बुद्धी दोन्ही अंगांनी काम करीत असते. अक्षरांची नावे त्याने दिली, अर्थ चित्रावरून काढला. मधला पूल, म्हणजे अकाराचा लोप, त्याला कोणीच सांगितलेला नव्हता. शिक्षकालाही तो सांगता येत नाही, कारण मराठी भाषकाच्या तोंडून तो लोप आपोआप होतो आणि म्हणूनच लक्षात येत नाही. थोडी व्यंजने आणि काना एकत्र शिकवून 'मामा', 'काका' अशा शब्दांनी आरंभ करणाऱ्या वाचनपद्धतीचे ध्वनिशास्त्रीय समर्थन येथे आहे. अक्षरांचा वर्णमालेतील क्रम हा वर्णांच्या शास्त्राचा क्रम आहे. शिकण्याचा क्रम तोच असला पाहिजे असे नाही.

लिपीच्या इतर अडचणीही याच जातीच्या आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात स्वर नंतर येतो. 'सूर्य' या शब्दातील रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो, उच्चारात मात्र 'र' आधी असतो. 'च' हे एकच चिन्ह 'चार' यात तालव्य ध्वनी दाखवते आणि 'चाक' यात दंततालव्य. मुलाला दोन्ही ध्वनी येतात, त्यांना एकच खूण का, हे मात्र त्याला कळत नाही. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावयाचा. 'आणि' हे अव्यय त्याला अपवाद. जे मूल पाटीवर 'आणी' लिहिते ते नियम पाळत असते. शिक्षक त्याला अपवाद शिकवतात आणि चूक म्हणून फुली मारतात.

मुलांच्या अशा लेखनाकडे चूक म्हणून न पाहता अनुमान म्हणून पाहावे, हा विचार जगात आता चांगला रुजला आहे. एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की यांनी स्पॅनिश भाषक मुलांवरील आपला अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध केला. लेखनासंबंधी मूल स्वतःच्या मनाने नियम बांधते, ते तपासते आणि बदलते, असे त्यांनी दाखवले. 'कर्तो' असे लिहिणारे मराठी मूल हेच करीत असते. त्याने कानाला प्रमाण मानले आहे. लेखनाने उच्चाराव्यतिरिक्त आणखीही काही सांभाळायचे असते, हे त्याला अजून कळावयाचे आहे.

५

येथपर्यंतच्या अडचणी मराठी बोलणाऱ्या सर्वच मुलांच्या आहेत. बोलींचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

या जिल्ह्याच्या खेड्यांतील मूल 'माझं' याऐवजी 'महं' म्हणते, 'का' याऐवजी 'काहून' विचारते, 'शाळेत' याऐवजी 'शाळंत' जाते. 'पाणी' त्याच्या तोंडी 'पानी' असते, 'एक' हा 'येक' होतो आणि 'वीस' हा 'ईस'. या उच्चारांत अनियमितता नाही. शब्दारंभीच्या 'ए'पूर्वी 'य' येणे आणि 'वि', 'वी' यांतील 'व' गळणे हे अनेक मराठी बोलींत आढळणारे ध्वनिनियम आहेत. मूल ते नियम निष्ठेने पाळते. फळ्यावर 'एक' लिहिलेले असते, बाई 'एक' म्हणतात, मूल 'येक' म्हणते आणि आपण तेच म्हटले असे त्याला वाटते. 'पुन्हा म्हण' या आज्ञेचा त्याला अर्थ लागत नाही. तीन वेळा 'येक' म्हणून झाल्यावर ते गप्प बसते.

दखनी बोलणाऱ्या मुलाची अडचण वेगळी. त्याच्या बोलीत 'ण' आणि 'ळ' हे ध्वनी नाहीत. म्हणून 'शाळा' ही 'शाला' होते. त्याच्या बोलीत लिंगे दोन, मराठीत तीन. म्हणून ते 'पानी आला' असे म्हणते, कारण घरी पाणी पुल्लिंगी आहे. गोर बोली बोलणाऱ्या मुलाला तर 'आहे' हे क्रियापदच नवे असते; त्याच्या भाषेचे नाते राजस्थानीशी आहे. या तिन्ही मुलांच्या वहीत कदाचित एकच चूक दिसेल, 'पानी'. पण खेड्यातील मुलाला फक्त उच्चाराचा लिखित संकेत शिकायचा असतो, तर इतर दोघांना त्याहून अधिक काही शिकायचे असते. एकच लाल फुली या तिघांना सारखेच काही सांगू शकत नाही.

ज्यांच्या घरी तथाकथित शुद्ध मराठी बोलली जाते, ती मुले या झगड्यातून मुक्त असतात, अशी एक समजूत आहे. तीही तपासून पाहिली पाहिजे. सुशिक्षित घरातील मूलही 'केलं', 'झालं', 'पाणी आलं' असेच बोलते. पुस्तकात मात्र 'केले', 'झाले', 'पाणी आले' असे छापलेले असते. लिखित मराठी ही कोणाच्याही घरची बोली नाही. काहींच्या घरापासून ती एका पावलावर आहे, काहींच्या घरापासून कोसभर दूर. चालावे सर्वांनाच लागते. प्रमाणभाषा ही बोलींपैकीच एक असून तिची प्रतिष्ठा सामाजिक कारणांनी आलेली असते, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. ना. गो. कालेलकरांसारख्या अभ्यासकांनी तो मराठी वाचकांसमोर वारंवार मांडला. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ साली कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयी हेच दाखवून दिले: ज्या मुलांना शाळेने भाषाहीन ठरवले होते, ती आपल्या गल्लीत तर्कशुद्ध आणि अस्खलित बोलत होती. महाराष्ट्रात मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि पुढे त्याच गावी प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारा मुलांच्या वाचनशिक्षणाचे काम उभे केले. भाषाशास्त्राचा अभ्यास पहिलीच्या वर्गापर्यंत कसा पोचू शकतो, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

६

गणिताचा तास हाही पहिलीत मोठ्या प्रमाणात भाषेचाच तास असतो. काड्यांचे गठ्ठे, मणी, चिंचोके यांनी मोजणे मुलाला लवकर जमते. अडते ते संख्यानामांपाशी. मराठीत एक ते शंभर ही नावे जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. 'एक' या एकाच घटकाची रूपे पाहावीत: एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्याऐंशी, एक्याण्णव. दशकही आपले रूप टिकवीत नाही. पन्नासचा 'वन्न' किंवा 'पन्न', सत्तरचा 'हत्तर', नव्वदचा 'ण्णव' होतो. शिवाय 'एकोणीस', 'एकोणतीस' या नावांत पुढल्या दशकातून एक वजा करावा लागतो, म्हणजे मूल ज्या दशकात अजून पोचलेले नाही त्याचे नाव त्याला आधी घ्यावे लागते. उर्दू व हिंदीत ८९ला 'नवासी' म्हणतात, मराठीत 'एकोणनव्वद'. शेजारी बसलेल्या दोन मुलांची ८९कडे जाण्याची वाट अशी वेगळी असते.

याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची. 'त्रेपन्न' म्हणताना आधी तीन येतात, मग पन्नास. लिहिताना आधी पाच, मग तीन. ऐकून लिहिणारे मूल ३५ लिहिते. ते गणितात चुकलेले नसते. त्याने कानाचा क्रम हाताला दिलेला असतो. मराठवाड्याच्या सीमेलगतच्या तेलुगू आणि कन्नड भाषांत दशक आधी बोलले जाते, त्यामुळे तेथील मुलांपुढे ही अडचण या स्वरूपात येत नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'एकवीस' याच्या जोडीला 'वीस एक' असे वाचन सुचवण्यात आले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागील शैक्षणिक भूमिका स्पष्ट केली होती. नॉर्वेमध्ये १९५१ साली असाच बदल अधिकृतपणे करण्यात आला आणि दशक आधी म्हणण्याची पद्धत शाळांतून शिकवली जाऊ लागली. जुनी पद्धतही लोकांच्या बोलण्यात पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. शब्द टिकवावेत की बदलावेत, हा समाजाने ठरवण्याचा प्रश्न आहे. मात्र जुनेच शब्द ठेवायचे असतील तर ५३च्या जागी ३५ लिहिणाऱ्या मुलाला त्याच्या चुकीचे कारण समजावून सांगण्याची जबाबदारीही त्या निर्णयाबरोबरच येते.

७

वेळापत्रकात ज्यांना भाषेचा तास म्हटलेले नाही अशा वेळांतच पहिलीचे मूल सर्वाधिक बोलते. दुपारी पोषण आहाराची खिचडी वाढली जात असताना 'थोडी', 'अजून', 'पुरे', 'नको', 'त्याला जास्त मला कमी' हे परिमाणाचे आणि तुलनेचे सारे व्याकरण प्रत्यक्ष उपयोगात येते. सकाळी फळ्यासमोर गप्प असलेले मूल येथे बिनचूक युक्तिवाद करते. मैदानावर लंगडी किंवा विषामृत खेळताना नियम सांगावे लागतात, भांडावे लागते, साक्षीदार उभे करावे लागतात. भिन्न बोली बोलणारी मुले एकमेकांचे शब्द याच ठिकाणी उचलतात, आणि त्यासाठी त्यांना कोणी गुण देत नाही.

गोष्टीचे स्थान याहून विशेष आहे. शिक्षक पुस्तकातून गोष्ट वाचून दाखवतो तेव्हा छापलेल्या खुणांतून रोज तेच शब्द त्याच क्रमाने बाहेर येतात, हे मुलाच्या लक्षात येते. आजीची गोष्ट दर वेळी थोडी बदलते; पुस्तकातली बदलत नाही. लेखन म्हणजे काय याचा याहून सोपा धडा नाही. मुलाने स्वतःच्या बोलीत सांगितलेली गोष्ट शिक्षकाने जशीच्या तशी लिहून घेतली आणि त्याला वाचून दाखवली, तर आपले बोलणेही कागदावर राहू शकते, ही जाणीव त्याला होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ नंतर बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह जे काम केले, त्याचे सूत्र हेच होते. मुलाला शाळेकडे ओढण्यापूर्वी शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. 'अंगणवाडी' हा शब्द त्याची साक्ष आहे.

या सर्वांमागे एक कठोर वास्तव आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांचे पहिलीचे वर्ष मधोमध तुटते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शिकलेली अक्षरे फडावर विसरतात. विसरलेली अक्षरे पुन्हा शिकता येतात. परंतु त्या चार महिन्यांत 'आपले बोलणे चुकीचे आहे' एवढेच जर मुलाच्या पदरी पडले असेल, तर परतल्यावर ते वर्गात बसते, पण बोलत नाही. वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी उपचारात्मक अध्यापनाची सोय असते. गप्प झालेल्या मुलाची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

८

सारांश, पहिलीच्या वर्गातील रोजचे व्यवहार, म्हणजे हजेरी, परिपाठ, अक्षरे, अंक, जेवण, खेळ आणि गोष्ट, हे सर्व भाषेची जाणीव घडवणारे व्यवहार आहेत. त्यांत मूल तीन अंतरे ओलांडते: हाकेच्या नावापासून नोंदीच्या नावापर्यंतचे, उच्चारापासून अक्षरापर्यंतचे आणि घरच्या बोलीपासून लिखित भाषेपर्यंतचे. ही अंतरे ओलांडताना होणाऱ्या चुका सामान्यतः सकारण असतात. शिक्षकाला त्यांचे कारण ओळखता आले तर चूक हीच पुढची पायरी ठरते. ओळखता आले नाही तर तीच भिंत होते.

यावरून भाषाशास्त्राच्या अभ्यासकांवर एक विशिष्ट काम येते. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य व्हायचे तर मराठवाड्याच्या बोलींचे, दखनीचे आणि गोर बोलीचे वर्णन शिक्षकाला वापरता येईल अशा रूपात उपलब्ध झाले पाहिजे: कोणत्या बोलीचे मूल कोणता शब्द कसा लिहील, आणि का. अशा वर्णनाची सामग्री दूर शोधावी लागत नाही. विद्यापीठाच्या परिसरापासून काही मिनिटांच्या अंतरावरील प्रत्येक शाळेत ती रोज सकाळी पाट्यांवर लिहिली जाते, आणि शाळा सुटताना ओल्या फडक्याने पुसली जाते.